फोटो दोघांचा, ठरवायचं कुणी?

सुपारी फुटली, बोलणी झाली, साखरपुड्याची तारीख निघाली की पूर्वी घरातला पहिला प्रश्न असायचा, 'आचारी कोणता सांगायचा?' आता हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर गेलाय. पहिला प्रश्न असतो, 'फोटोग्राफर बुक केला का?' आणि त्याला लागूनच दुसरा, 'शूट कुठे करायचं?' हॉलमधले, स्टेजवरचे फोटो तर होतातच. पण त्याच्या आधी एखाद्या सकाळी दोघांनी मिळून मोकळ्यावर, झाडांत, पाण्याकाठी काढलेले फोटोही हवेत. मग जळगावकरांच्या डोळ्यांपुढे मेहरूण तलाव येतो, धुळेकरांच्या डोळ्यांपुढे नकाणे तलाव, आणि भुसावळकरांना हतनूरच्या पाण्याची आठवण होते.

आईला वाटतं, कशाला ही थेरं! बाबा खर्चाचा आकडा ऐकून गप्प होतात. आजीची वेगळीच काळजी, 'लग्नाआधीच पोर त्याच्यासंगे तलावावर जाईल? लोक काय म्हणतील?' आणि जिचा साखरपुडा आहे, ती? तिला फोटो हवे असतात, आणि पोटात थोडी धाकधूकही असते. कपडे कुठे बदलायचे, किती जवळ उभं राहायचं, बघ्यांचं काय करायचं, आणि ते फोटो पुढे कुठे कुठे फिरणार... हे सगळं तिला कुणी विचारतं का? म्हणून मैत्रिणींनो, आज या फोटोंच्या तयारीविषयी बोलू या. नट्ट्यापट्ट्याविषयी जरा कमी, आणि कुणी काय ठरवायचं याविषयी जरा जास्त.

पडद्यावरचा तलाव ते खरा तलाव

खरं तर पाण्याकाठच्या फोटोची हौस काही आजची नाही. आपल्या आई-मावशीचे फोटो काढून बघा. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा, त्यावर तलाव, एखादी होडी, कधी कमळं, कधी चक्क काश्मीर. पुढे लाकडी स्टूलवर प्लॅस्टिकची फुलदाणी, आणि तिच्यावर हात ठेवून ताठ उभी असलेली आपली मावशी! हा फोटो 'दाखवण्यासाठी' असायचा. तो पाकिटात घालून मुलाकडे जायचा. पसंत नाही पडला तर कधी परत यायचा, कधी यायचाच नाही. मावशीला त्यात काही विचारायची पद्धत नव्हती.

फोटो आणि वाट पाहणं यांचं नातं आपल्या खान्देशाला तर चांगलंच ठाऊक आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) हे मोठे छायाचित्रकार. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून जवळजवळ पन्नास वर्षं ते फारसे बाहेर पडलेच नाहीत. त्यांची प्रेयसी एक दिवस पंजाब मेलने येणार होती आणि ते तिची वाट बघत राहिले, अशी गोष्ट चाळीसगावात आजही सांगतात. बाहेर न पडता त्यांनी 'टेबल टॉप' फोटोग्राफी केली. म्हणजे टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं! त्यांच्या घराचं आता कलादालन झालं आहे. जमलं तर दोघं मिळून एकदा जाऊन या. चांगला फोटो महागड्या जागेतून येत नाही, तो उजेडातून आणि धीरातून येतो, हे तिथे आपोआप समजतं.

आजची मुलगी मावशीपेक्षा भाग्यवान आहे. पसंती झालेली आहे, फोटो 'दाखवण्यासाठी' नाही, स्वतःसाठी आहे. पण मग त्यातलं ठरवणंही तिच्याकडे यायला नको का?

जागा निवडताना

पहिली गोष्ट, जागा मोबाइलवर बघून ठरवू नका. फोटोग्राफरने दाखवलेला फोटो ऑक्टोबरमधला असतो. तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला, तलाव काठोकाठ भरलेले आणि काठ हिरवेगार असतात. तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पाणी मागे सरकलेलं, पुढे भेगाळलेला गाळ आणि उन्हाने पिवळं पडलेलं गवत! आपल्याकडे पाण्याकाठच्या फोटोंसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सोन्यासारखे. त्यामुळे लग्न उन्हाळ्यात असलं, तरी शूट दिवाळीनंतर उरकून घेतलेलं बरं.

मेहरूण तलाव शहरालाच लागून आहे, ही त्याची मोठी सोय. घरून कपडे घालून निघता येतं, काही विसरलं तर भाऊ दहा मिनिटांत आणून देतो. पण सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि रविवारी सगळं कुटुंबच्या कुटुंब येतं. म्हणून मंगळवार-बुधवार निवडा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मेहरूणची बोरं घ्यायला विसरू नका. ज्या गावाच्या नावाने बोरं ओळखली जातात, तिथे दोघांनी एकाच कागदी पुडीतून बोरं खातानाचा फोटो कुठल्याही 'पोझ'पेक्षा गोड येईल!

नकाणे तलावातून धुळे शहराला पिण्याचं पाणी मिळतं. तिथे थर्माकोल, रंगीत धूर, चमकीचे कागद असलं काहीही नेऊ नका. शहर जे पाणी पितं, त्यात आपली हौस मिसळायची नाही. हतनूरला थंडीत दूरदूरचे पक्षी उतरतात. तिथे मोठ्याने गाणी लावली की पक्षी उडतात आणि तुमच्या फोटोतली शोभाच जाते.

ज्यांना थोडं निवांत हवं, त्यांच्यासाठी संगमाच्या जागा आहेत. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात. शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते. दोन नद्या एक होतात तिथे साखरपुड्याचा फोटो, ही कल्पनाच छान आहे. मात्र या देवस्थानांच्या जागा आहेत. काठावर कुणी श्रद्धेने आलेलं असतं, कुणी घरातल्या माणसाचे विधी करत असतं. आधी दर्शन घ्या, तिथल्या मंडळींना विचारा आणि कपडे जागेला शोभतील असे ठेवा.

वेळ साधा

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा साधारण तासभर उजेड मऊ, सोनेरी असतो. चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, डोळे बारीक करावे लागत नाहीत. पाणीही तेव्हा बहुतेक शांत असतं. दुपारी बारा वाजता मात्र जगातला सर्वांत भारी कॅमेरा आणला, तरी डोळ्यांखाली काळी वर्तुळंच येणार.

आता सातला तलावावर पोचायचं तर पाचला उठून तयारी आली. म्हणून सकाळ की संध्याकाळ हे फोटोग्राफरच्या सोयीने नका ठरवू, आपल्या सोयीने ठरवा. जिला साडी नेसवायला, केस बांधायला दीड तास लागणार, तिला विचारा. तारीखही तिलाच विचारा. पाळीचे दिवस, परीक्षा, नोकरीतली रात्रपाळी हे तिचं तिलाच माहीत असतं आणि ते सगळ्यांसमोर सांगावं लागू नये. 'मला ही तारीख नको' एवढं म्हटलेलं पुरे झालं पाहिजे.

थंडीचंही बघा हं! धुळ्यात जानेवारीत पहाटे पारा सहा अंशांच्या आसपास उतरतो. पातळ ओढणीत कुडकुडत हसणं सोपं नसतं. शाल, थर्मासभर चहा आणि दोन फोटोंच्या मध्ये अंगावर घ्यायला स्वेटर, एवढं हवंच. उन्हाळ्यातच करायचं असेल तर साडेआठच्या आत गुंडाळा. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे हौसेपेक्षा जीव मोठा.

कपडे आणि आडोसा

कपड्यांचे दोन जोड पुरे. एक नेहमीचा, ज्यात तुम्ही तुम्हीच दिसता, आणि एक ठेवणीतला. पाण्याचा रंग बहुतेक करडा-निळा येतो, काठावर हिरवं असतं. त्यापुढे मरून, मोतिया, हळदी असे रंग उठून दिसतात. पोपटी साडी नेसून झाडापुढे उभं राहिलं तर फोटोत नवरीचं फक्त तोंड दिसेल! खड्यांनी मढलेला घेरदार घागरा मातीत ओढत नेण्यापेक्षा सुती किंवा हलकी रेशमी साडी बरी. चपला सपाट. उंच टाचांचे सँडल काठावरच्या ओल्या मातीत रुततात आणि पाय मुरगळतो.

खरा प्रश्न असतो कपडे बदलण्याचा. तलावाकाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. 'गाडीत बदलून घे ना,' असं सगळे सहज म्हणतात. बदलणारीला विचारा त्या गाडीत कसं वाटतं ते! त्यापेक्षा जवळपास एखाद्या नातेवाइकाचं घर असेल तर तिथे आधी सांगून ठेवा. नाही तर पहिला जोड घरून घालून जा आणि दुसरा असा निवडा की वरून फक्त जाकीट, शेला किंवा दुपट्टा बदलला की काम झालं. घडीचा छोटा तंबूही आता बरेच फोटोग्राफर आणतात, बुकिंग करतानाच विचारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, कपडे बदलणाऱ्या बाईकडे चोरून बघणं किंवा तिचा फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. असं काही झालं तर लाजून गप्प बसायचं कारण नाही, ११२ वर फोन करायचा.

बरोबर कोण हवं? दोन्हीकडचं एकेक माणूस पुरे. वहिनी किंवा मैत्रीण असेल तर उत्तम. पदर सरकला, टिकली हलली हे तिलाच दिसतं, आणि बघ्यांना 'दादा, जरा पुढे चला' हेही तीच म्हणू शकते. दहा जणांचं वऱ्हाड नेलं तर प्रत्येक जण वेगळी पोझ सुचवणार आणि दोघं बिचारी आणखीनच अवघडणार.

पाणी म्हणजे पडदा नव्हे

स्टुडिओतल्या पडद्यावरच्या तलावात कुणी बुडत नव्हतं. खऱ्या तलावात बुडतं. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडजवळ कावेरी नदीत एक ठरलेलं जोडपं असेच फोटो काढायला गेलं होतं. टोपलीसारख्या गोल होडीत फोटोसाठी उभं राहताना तोल गेला आणि दोघंही बुडाली. लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं.

तेव्हा काही गोष्टी बाकी काहीही झालं तरी मोडायच्या नाहीत. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. भिजलेली साडी किंवा घागरा इतका जड होतो की पोहणाऱ्यालाही हातपाय मारता येत नाहीत. शेवाळलेल्या दगडावर उभं राहायचं नाही. तलावाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय जातो. गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, पाणी भरलं की ते दिसत नाहीत. धरणाच्या खाली नदीपात्रात तर उतरायचंच नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वर मध्य प्रदेशात पाऊस झाला आणि दरवाजे उघडले की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. होडीत बसायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून, आणि बसूनच. 'एक मिनिट, फक्त एकच फोटो' असं फोटोग्राफर म्हणाला तरी 'नाही' म्हणायचं. त्याला वेगळा फोटो हवा असतो, आपल्याला अख्खा संसार करायचा असतो.

परवानगी आणि ड्रोन

महापालिकेची बाग असो, पाटबंधारे खात्याचं धरण असो की पाटणादेवीसारखं अभयारण्यातलं ठिकाण, मोठे कॅमेरे, लाइट आणि स्टँड घेऊन जाणार असाल तर संबंधित कार्यालयात आधी विचारा. 'तिथे सगळेच काढतात' हे उत्तर चौकीदाराने अडवल्यावर चालत नाही. मग नवीन पाहुण्यांसमोर जी शोभा होते ती वेगळीच.

ड्रोनची तर आता फॅशनच आहे. पण ड्रोनला नोंदणी लागते आणि कुठे उडवायचा, कुठे नाही हे २०२१ च्या ड्रोन नियमांनी ठरवून दिलेलं आहे. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला आहे, मेहरूणपासून फार लांब नाही. नकाण्यापासून गोंदूरची धावपट्टी जवळ. हतनूरच्या परिसरात वरणगावची आयुध निर्माणी. तेव्हा फोटोग्राफरला सरळ विचारा, 'भाऊ, नोंदणी आहे का? इथे उडवायची परवानगी आहे का?' उत्तर गोलगोल आलं तर ड्रोन घरीच राहू द्या. जमिनीवरूनही फोटो चांगलेच येतात.

खर्च कुणाचा?

आता नाजूक विषय. साखरपुडा मुलीकडे, म्हणून फोटोंचा खर्चही मुलीकडे, असं न बोलता गृहीत धरलं जातं. हळूहळू हौस ही मागणी होते आणि 'आमच्या मोठ्या सुनेच्या वेळी ड्रोन होता' असं वाक्य बैठकीत हळूच टाकलं जातं. हुंडा उघड मागता येत नाही, म्हणून तो अशा वाटांनी येतो. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंड्यावर बरीच चर्चा झाली. त्यानंतर अहिल्यानगरला मराठा समाजातल्या मंडळींनी लग्नांसाठी आचारसंहिता ठरवली. त्यात हुंडा नको, डीजे नको, पाहुणे मोजके हवेत, याबरोबर प्री-वेडिंग शूट नको, असंही होतं.

खर्चाच्या चढाओढीला आळा बसावा, ही तळमळ खरी आहे. कर्ज काढून काढलेल्या फोटोत बाप हसूच शकत नाही. पण ठरलेली दोन माणसं पाण्याकाठी तासभर बसली, बोलली, एकमेकांकडे बघून हसली, यात वाईट काय आहे? वाईट आहे ती सक्ती. म्हणून साधा नियम करा. खर्च दोघांनी आपापल्या कमाईतून निम्मा-निम्मा करायचा, आणि झेपेल तेवढाच. कमाई नसेल तर दोन्ही घरांनी निम्मा. मोबाइलचा चांगला कॅमेरा आणि हौशी मामेभाऊ असेल तर तेही पुरे.

आणि पैशाइतकाच महत्त्वाचा मुद्दा संकोचाचा. फोटोग्राफर म्हणतो, 'मॅडम, जरा जवळ या, खांद्यावर डोकं ठेवा.' कुणाला हे सहज जमतं, कुणाला नाही. दोन भेटींची ओळख असताना नाही जमणार, त्यात काय चुकलं? आदल्या दिवशी फोनवर दोघांनी बोलून घ्या, कुठल्या पोझ चालतील, कुठल्या नाहीत. तो फोटोग्राफरला म्हणाला, 'तिला नको आहे ना, मग पुढचा फोटो घ्या,' तर समजा, चांगलं माणूस मिळालंय. आणि त्याने तिथेच तोंड पाडलं, तर तेही लग्नाआधी कळलं ते बरंच झालं! तलावाकाठचा एक तास बायोडाटापेक्षा जास्त सांगून जातो, तो असा.

फोटो कुणाचे?

हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, तर त्यांचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार झालेला नसेल तर. खरी मेख या शेवटच्या शब्दांत आहे. बुकिंगच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत 'फोटो जाहिरातीसाठी वापरू' असं लिहिलेलं असतं आणि आपण अ‍ॅडव्हान्स देण्याच्या घाईत सही करतो. मग आपला फोटो फोटोग्राफरच्या इन्स्टाग्रामवर, दुकानाच्या बोर्डावर झळकतो. म्हणून सहीआधी वाचा. नको असेल तर तशी ओळ लिहून घ्या. बुकिंग दोघांच्या नावाने करा, सगळे मूळ फोटो दोघांना वेगवेगळे द्यायला सांगा.

आपसातही ठरवा. साखरपुडा होईपर्यंत एकही फोटो स्टेटसवर टाकायचा नाही. कुठला टाकायचा हे दोघांनी मिळून निवडायचं, एकाला नको तो दोघांनाही नको. कारण बोलायला कडू असलं तरी खरं आहे, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. काही कारणाने मोडला तर मुलाचा फोटो लोक विसरतात, मुलीचा विसरत नाहीत. फोटोंत खाडाखोड करून बदनामी करणंही आता अगदी सोपं झालंय. असं काही घडलं तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे, पोलीस आहेत, आणि दोष मुलीचा नाही हे आईने सर्वांत आधी म्हणायचं आहे.

आईंसाठी आणखी एक. लेकीला तलावावर जायला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणू नका. तिच्याशेजारी बसून वही घ्या आणि लिहा: तारीख, वेळ, बरोबर कोण, कपडे कुठे बदलणार, पैसे कोण देणार, फोटो कोण ठेवणार. प्रत्येक ओळीपुढे तिचं म्हणणं लिहा. मग तीच वही जावईबापूंच्या हाती द्या आणि त्यांचंही म्हणणं लिहायला सांगा. लग्नानंतर घर कुठे घ्यायचं, नोकरी सोडायची की नाही, मूल कधी, असे कितीतरी मोठे निर्णय दोघांना मिळून घ्यायचे आहेत. त्याची सवय एका छोट्याशा, आनंदाच्या गोष्टीपासून लागली तर किती छान!

हातात हात नसले तरी चालेल. एकमेकांचं ऐकून घेतल्याचं समाधान दोघांच्या चेहऱ्यावर असलं, की तलाव कुठलाही असो, फोटो सुंदरच येणार!